तिसऱ्या पिस्तुलाची चिठ्ठी

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं जे काम केलं, ते म्हणजे तीन पिस्तुलं बघितली. दुपारचं जेवण झालं होतं. हौसानं ताटं विसळून पालथी घातली, कोमट पाण्यानं हात धुतले, पदराला पुसले आणि दोन्ही हात काखेत घालून माझ्यासमोर येऊन बसली. थंडी कसली, चैत्राचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. पण हात ऊबदार झाल्याशिवाय ती कशालाच लावायची नाही. म्हशीला नाही आणि पिस्तुलालाही नाही. "गार हात लागला की जनावर दचकतंय," म्हणायची. मी म्हणायचो, "ह्ये लोखंड हाय." त्यावर म्हणायची, "लोखंड दचकत न्हाई, पर मी दचकते की. मग मला काय डोंबल कळणार?"

पिस्तुलं म्हणजे खेळातली, कुणी घाबरू नये. हवेच्या दाबावर चालतात, दहा मीटरवरच्या कागदावर छर्रा मारायचा असतो. कोल्हापुरात या खेळाची पोरं-पोरी गल्लोगल्ली आहेत. चांगलं पिस्तूल परदेशातून येतं आणि त्याची किंमत ऐकून माणूस खाली बसतो. मी चौथी शिकलेला, उद्यमनगरात आयुष्यभर फिटर म्हणून राबलेला. काम सुटल्यावर नेमबाजीच्या एका रेंजवर बिघडलेली पिस्तुलं दुरुस्त करायला बसू लागलो. पुढं पुढं लोक विकत घ्यायच्या आधीच माझ्याकडं आणायला लागले. मी बघायचो आणि चापाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायचो. 'घ्यावे' नाहीतर 'नको'. खाली माझी सही. त्या चिठ्ठीला रेंजवर मान होता. अण्णा फिटर नको म्हणाला की ते पिस्तूल परत जायचं.

गेली तीन वर्षं त्या चिठ्ठीवर सही माझी होती आणि निकाल हौसाचा होता.

हौसा गडमुडशिंगीच्या गवळ्याची लेक. आठव्या वर्षापासून म्हशीखाली बसलेली. लग्न होऊन माझ्या घरी आली ती दोन म्हशी पुढं घालूनच. एके काळी आमच्या परड्यात सहा होत्या, शेवटी एक उरली, चंद्री. रोज संध्याकाळी हौसा चंद्रीला घेऊन दूधकट्ट्यावर जायची. तिथं गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि गिऱ्हाइकानं उभ्या उभ्या ग्लास तोंडाला लावायचा, ही आमच्या गावाची रीत. एकदा कुणी बाहेरगावचा माणूस म्हणाला, "मावशी, निम्मा ग्लास फेसच हाय की." हौसानं वर न बघता सांगितलं, "पावणं, फेस नको आसंल तर पिशवीतलं प्या. त्यात फेस बी नसतोय आन म्हस बी नसतीय." कट्टा हसला. तो माणूस पुढं चार दिवस रोज आला.

तिचं तोंड असं होतं. कौतुक तिच्या तोंडून चुकूनसुद्धा निघायचं नाही. भाजी चांगली झाली म्हटलं तर म्हणायची, "मग काल काय शेण घातलंतं व्हय?" मला रागावली की फिटरसाहेब म्हणायची. एरवी नुसतं "अवो".

माझं बोट गेलं त्याची गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. साखरेच्या दुखण्यानं माझ्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं बधिर झाली. मुंग्या यायच्या, मग त्याही थांबल्या. पिस्तुलाची सगळी परीक्षा त्या पहिल्या बोटात असते. चाप कसा असावा, तर आधी थोडा मोकळा यावा, मग एका पायरीवर थांबावा आणि त्या पायरीवरून काच फुटावी तसा साफ सुटावा. मधे कुठं खरखर नको, ओढ नको. वजन मोजता येतं. अर्ध्या किलोच्या आत सुटणारा चाप स्पर्धेत चालत नाही, म्हणून नळी वर करून चापाला अर्ध्या किलोचं माप अडकवायचं आणि उचलून बघायचं. पण खरखर मोजायचं माप निघालेलं नाही. ती बोटालाच कळते.

मी कुणाला सांगितलं नाही. बोट गेलं म्हटल्यावर मी रेंजवर कशाला बसणार? एका परदेशी पिस्तुलाला डोळे झाकून 'घ्यावे' लिहिलं आणि आठ दिवसांनी ते परत आलं. "अण्णा, चाप मधेच अडतोय." मी घरी आणून उंबऱ्यावर बसलो आणि चाप ओढत राहिलो. ओढतोय, ओढतोय, काही कळत नाही. हौसा शेणाचे हात धुऊन आली, माझ्याकडं बघत उभी राहिली. मग काखेत हात घातले आणि म्हणाली, "आणा हिकडं."

"खेळणं हाय काय ते?"

"आणा म्हणते न्हवं."

तिनं दोनदा चाप ओढला. "पयल्यांदा येतंय सरळ. मग थांबायच्या आधीच खडा लागतोय. म्हशीच्या सडात गाठ आसली की आसं लागतंय बगा." मी खोलून भिंग लावलं. आतल्या खटक्याच्या कडेला केसाएवढा चरा होता. मी भिंगातून बघत होतो आणि मला लाज वाटत होती, हे मी कबूल करतो. आनंद नंतर झाला.

तेव्हापासून मी लोकांना सांगू लागलो, "एक दिवस माझ्याकडं ऱ्हाऊ दे." लोकांना वाटायचं, अण्णा किती विचार करून निकाल देतात. घाईचा माणूस नाही. घरी हौसा बघायची, मी चिठ्ठी लिहायचो.

बघायची तिची पद्धत ठरलेली होती. पिस्तूल कुणी बनवलं आणि कितीला मिळतं, हे आधी सांगू द्यायची नाही. "दूध बगताना मालकाचं नाव कशाला पायजे?" मी एकदा सांगितलं की हे फार नावाजलेल्या कंपनीचं आहे, तर तिनं पिस्तूल खाली ठेवलं आणि त्या दिवशी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी बघून म्हणाली, नको. चकचकीत कामावर तिचा राग होता. "गुळगुळीत म्हंजे चांगलं न्हवं. निसरडं बी गुळगुळीतच आसतंय." ती प्रत्येक चाप अकरा वेळा ओढायची. अकरा का, विचारलं तर म्हणायची, "धा मोजून झाल्यावर म्हशीचं खरं दूध चालू होतंय."

अभय आमच्याकडं आला तो मागच्या पावसाळ्यानंतर. शिरोलीतल्या जैन घरातला, वडिलांची ओतकामाची भट्टी. पस्तिशीतला हा माणूस मोटारीचे भाग बनवायचं सोडून एका शेडमधे पिस्तुलं बनवायला बसला होता. ज्या खेळाडूचं पिस्तूल, त्याच्या हाताचा मातीत साचा घ्यायचा आणि त्यावरून अक्रोडाच्या लाकडाची मूठ कोरायची. काम देखणं. पण नाव कुणाला माहीत नाही. रेंजवर लोक हातात घ्यायचे, वा म्हणायचे आणि परदेशी पिस्तूल मागवायचे. त्यानं पहिलं पिस्तूल फडक्यातून सोडवून माझ्यापुढं ठेवलं.

तो गेल्यावर मी हौसाला म्हणालो, "नवीन पोरगं हाय. ह्येला कोण वळखत न्हाई."

"नाव सांगू नका म्हणलं न्हवं का? आन नवं आसलं म्हणून काय झालं? नवा गवळी पानी कमी घालतोय, त्याला भ्या आसतंय. जुना बिनघोर घालतोय."

तिनं पिस्तूल धरलं आणि चाप ओढायच्या आधीच तोंड वाकडं केलं. मूठ उलटसुलट केली, सोडली, परत धरली. "ह्यो साचा कुणाच्या हाताचा?"

"बिद्रीकडच्या एका पोरीच्या. ती नेम मारतीया."

"तिनं मातीत हात दाबला आसंल जोर लावून. दाब म्हणलं की माणूस दाबतंय. ही पिळलेली मूठ हाय, धरलेली न्हाई. मी धार काढते तवा चारी बोटं मिटत्यात. हितं एकच बोट मिटाय पायजे, बाकीची निजलेली पायजेत. ह्या लाकडात सगळी बोटं जागी हायत."

दुसऱ्या दिवशी अभय आला. मी खुर्चीत बसून हेच सगळं त्याला सांगितलं. साचा परत घे, पोरीला म्हणावं मूठ ढिली सोड, नुसती ठेव. बाकीची बोटं निजलेली पाहिजेत. त्यानं कपाळावर हात मारला. "अण्णा, चार महिने मी चाप घासत बसलोतो! चूक मुठीत हाय ह्ये मला कुणी सांगितलं न्हाई." आणि तो वाकून माझ्या पाया पडला. हौसा चहा घेऊन दारातच उभी होती.

तो गेल्यावर कप उचलता उचलता ती म्हणाली, "पाया पडून घेतलासा की. आशीर्वाद तरी माझा द्यायचा."

"आगं, बाईमाणसानं पास केलं म्हणलं तर कोण घील पिस्तूल?"

"पोरी पदकं आणत्यात, ते चालतंय. आन बाईनं बघितलेलं चालत न्हाई व्हय?"

तिनं तो विषय परत काढला नाही. ती मनात ठेवणारी नव्हती. म्हणूनच मला वाटलं, चालतंय. दोन-तीनदा अभयसमोर तिचं नाव ओठावर आलं होतं. पण तो "अण्णा, अण्णा" म्हणत असायचा आणि मला ते गोड लागायचं. बोट गेलेल्या माणसाकडं दुसरं काय उरलं होतं?

मग चैत्रात त्यानं ती तीन पिस्तुलं आणली. तिन्ही नवे साचे घेऊन केलेली. म्हणाला, "अण्णा, रेंजवाल्यांनी सांगितलंय, तिन्हीला तुमची चिठ्ठी मिळाली तर पोरं माझी पिस्तुलं वापरतील. न्हाई मिळाली तर मी शेड बंद करून परत मोटारीच्या कामाला लागतो. आता घरात तोंड दाखवाय जागा न्हाई. उद्या सकाळी येतो."

दुपारी आम्ही बसलो. पहिलं पिस्तूल तिनं अकरा वेळा ओढलं, मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "घ्या म्हणावं." दुसऱ्यालाही तेच. दुसऱ्याच्या वेळी तर दोन-चार वेळा जास्तच ओढलं. हे तिच्यापुरतं कौतुकच. मी दोन चिठ्ठ्यांवर 'घ्यावे' लिहून ठेवलं.

मग ती थांबली. हात परत काखेत घातले.

"तिसरं उद्या बगू. आज हात माझा न्हाई."

"म्हंजे?"

"खांद्यापासनं बोटापतुर मुंग्या आल्यात. जड झालाय. आन गरमच होईना."

आता मी जे बोललो ते लिहितो. टाळता आलं असतं, पण मग हे सगळं लिहायचंच कशाला? मी म्हणालो, "मुंग्या मला बी महिनोमहिने आल्यात्या. तुला एक दिवस आल्या तर काय झालं? पोरगं सकाळी येणार हाय. बघून टाक."

मला खरंच वाटलं, माझ्या बोटांचं झालं तेच हिचं होतंय. धार काढून काढून हात भरून आला असेल. साठ वर्षं धार काढलेला हात, दुखणारच. मुंग्या म्हणजे साखर, एवढंच मला ठाऊक होतं. दुसरं काही असू शकतं, हे डोक्यात आलंच नाही. घामानं तिचं कपाळ भिजलं होतं, ते मी उन्हावर घातलं.

तिनं मग जास्त वाद घातला नाही. यावरूनही मला कळायला हवं होतं. वाद न घालणारी हौसा मी चाळीस-पन्नास वर्षांत बघितली नव्हती. तिनं तिसरं पिस्तूल घेतलं. एकदा ओढलं. दुसऱ्यांदा ओढायला वेळ लावला. तिसऱ्यांदा निम्म्यातच सोडलं.

"नको ह्ये."

"का? अकरा तरी कर."

"जड हाय. दाबंना."

मी नळी वर करून चापाला अर्ध्या किलोचं माप लावून बघितलं. बाकीच्या दोन्हींसारखंच होतं. म्हणालो, "वजन बराबर हाय की गं."

"मग मीच जड झाले आसंन," ती म्हणाली. भिंतीला धरून उठली. "जरा पडते. चंद्रीचा टाईम झाला की हाक मारा."

चारला चंद्री ओरडायला लागली. मी आतल्या खोलीकडं तोंड करून हाक मारली, "ए हौसा, म्हस बोलावतीया तुला." दोनदा मारली. तिसरी आत जाऊन मारली. डॉक्टर आले, त्यांनी सांगितलं हृदय बंद पडलं, दोनेक तास झाले असतील. हाताला मुंग्या आल्या होत्या का, असं त्यांनी विचारलं. मी व्हय म्हणालो. त्यांनी कागद काढून लिहायला घेतलं.

आमच्या गावात माणूस शेणीवर, म्हणजे गोवऱ्यांवर जाळतात. लोक होळीच्या वेळी शेणी दान करतात, त्या स्मशानात रचून ठेवलेल्या असतात. हौसा दर वर्षी न चुकता गाडाभर द्यायची. मी चिडवायचो, "मेलेल्यांचं जळण थापतीस." ती म्हणायची, "उपेगाला येतंय की. तुमाला बी लागतील." पंचगंगेवर दिवस मावळायच्या आत तिला अग्नी दिला. त्या शेणींत तिच्या किती होत्या देव जाणे. इचलकरंजीहून आलेली लेक रडून रडून बसल्या जागी झोपली. शेजारणीनं पिठलं-भाकरी आणून ठेवली, ती तशीच राहिली.

चंद्रीची धार त्या संध्याकाळी निघाली नाही. शेजारच्या घरातले एकजण धारेला बसले, तर तिनं लाथ झाडून बादली उडवली. सकाळी बघतो तर कास दगडासारखी झालेली आणि म्हैस घसा सुकेपर्यंत ओरडतेय. दूध तसंच राहिलं तर जनावर आजारी पडतं. मला हौसानं सांगितलेलं आठवलं. तिची आई मेली तेव्हा तिच्या घरच्या म्हशीनं असंच दूध चोरून धरलं होतं आणि तिचा बाप आईचं लुगडं पांघरून खाली बसला होता. "मला आदी हसू आलं बगा," ती म्हणायची, "आन मग रडू."

खुंटीवर तिचं गोठ्यातलं जुनं लुगडं होतं. ते डोक्यावरून घेतलं. कोमट पाण्यानं हात धुतले. काखेत घातले आणि दोन्ही गरम होईपर्यंत तसाच उभा राहिलो. मग चंद्रीखाली बसलो. तिनं मान वळवून लुगड्याचा वास घेतला. बराच वेळ घेतला. मग पाय सैल सोडला. बधिर बोटं बाजूला ठेवून उरलेल्या बोटांनी मी जमेल तशी धार काढायला लागलो.

अभय तेवढ्यात आला. कोपऱ्यावरच त्याला कळलं असणार, कारण तो चप्पल बाहेर काढून आला आणि गोठ्याच्या दारात उभा राहिला. मी लुगड्यातून त्याच्याकडं बघितलं नाही, धार चालूच ठेवली.

"अण्णा, पिस्तुलं ऱ्हाऊ देत. मी नंतर येतो."

"थांब," मी म्हणालो. "तुझी पिस्तुलं मी कधी बघितलीच न्हाईत. माझं बोट मेलंय, तीन वर्सं झाली. मुठीची चूक तिनं काढली. निजलेली बोटं, ते बोलणं तिचं. पाया तू माझ्या पडलास."

गोठ्याच्या भिंतीवर आदल्या दिवशीच्या शेणी थापलेल्या होत्या, अजून निम्म्या ओल्या. प्रत्येक शेणीत हौसाची पाच बोटं उमटलेली. अभय साचे घेणारा माणूस. तो त्या भिंतीकडं बघत राहिला. मग जवळ गेला, हात पुढं केला आणि न टेकवताच मागं घेतला.

"आणि तिसरं, अण्णा?" त्यानं हळूच विचारलं. "काकू काय म्हणाल्या?"

त्याचं सगळं त्या एका उत्तरावर अडलं होतं आणि ते माझ्याकडं नव्हतं. नको म्हणाली, हे खरं. पण ते नको पिस्तुलामुळं होतं की तिच्या हातामुळं, हे सांगणारं आता कोणी नाही. घ्यावे लिहिलं तर तिचा शेवटचा शब्द मी पुसला. नको लिहिलं, तर एका चांगल्या कारागिराला मी दुसऱ्यांदा फसवलं.

बादली भरली. मी उठलो, हात धुतले आणि घरात जाऊन पिस्तुलांची पेटी घेऊन आलो. पहिल्या दोन चिठ्ठ्यांवरची माझी सही खोडली आणि तिथं लिहिलं, 'हौसानं बघितलं'. तिसरी चिठ्ठी कोरी होती. ती मांडीवर धरून लिहिली, दोरा ओवून पिस्तुलाच्या चापाला बांधली आणि तिन्ही पिस्तुलं त्याच्या हातात दिली. रेंजवर जशीच्या तशी दाखव म्हणालो. त्यानं ती तिसरी चिठ्ठी उभ्या उभ्या वाचली. त्यात निकाल नव्हता. एवढंच होतं:

'हे बघताना हौसाचा हात जड झाला होता. तिनं मला सांगितलं होतं. मी बघून टाक म्हणालो.'